बिनचूक हाताचा प्रयुक्त

बी. ए.च्या पहिल्या वर्षाला मी मानसशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या मोहल्ल्यात बातमी पसरली, की मिस्त्रीची पोट्टी पागलांची डॉक्टर होऊन राह्यली. मी कोणाला समजवायच्या फंदात पडले नाही. उलट शेजारच्या चाचींनी विचारलं, "मले सांग बरं, माह्या डोक्यात आता काय चालू हाय?" तर मी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हटलं, "तुमच्या सुनेचा विषय चालू हाय." चाची पदर तोंडाला लावून आत पळाल्या. महिनाभर माझी भल्ली वट होती.

खरं सांगायचं तर हा विषय मी भांडून घेतला होता. प्रवेशाच्या खिडकीतले बाबू म्हणाले, गृहअर्थशास्त्र घे, तुमच्याकडच्या पोरी तेच घेतात. मी म्हटलं, स्वयंपाक मला अम्मीने फुकटात शिकवला आहे, त्याची फी कायले भरू? बाबूंनी फॉर्म असा आपटला, की मागच्या पोरी दचकल्या. पण शिक्का मारला. फटकळपणाचा असा फायदा मला नेहमीच होत आला आहे. तोटे झाले तेही सांगीन, इथेच एक येणार आहे.

अब्बांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज वणीच्या बायपासला आहे. कोळशाच्या गाड्यांचा तो रस्ता, त्यामुळे आमच्याकडे पांढरे कपडे फक्त ईदला निघतात. घरात आमची हिंदी, गॅरेजात वऱ्हाडी, आणि अब्बा दोन्ही एकाच वाक्यात घालून बोलतात. शाळा त्यांची चौथीपर्यंत, तीही उर्दू. पण इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतात. मुकुटबनपासून ड्रायव्हर लोक गाडी लंगडत लंगडत आणतील, वाटेत दहा गॅरेजं लागली तरी थांबणार नाहीत. "मिस्त्रीचा हात लागला की झालं," असं म्हणतात. हे ऐकत मी मोठी झाले. त्याचा मला गर्व होता आणि आहे.

आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. रोज एस.टी.ने यवतमाळहून यायच्या आणि वर्गात शिरल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतं पाणी प्यायच्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मन कोणाला दिसत नाही. वागणं दिसतं. म्हणून आपण वागणं मोजतो, आणि जे मोजलं तेच लिहितो." मला हे इतकं पटलं, की मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. बाकी वर्ग मोबाईलमध्ये होता.

या विषयाला प्रात्यक्षिक असतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. रसायनशास्त्रवाल्यांसारखं जर्नल असतं, त्यात प्रयोग लिहायचे. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला म्हणायचं 'प्रयुक्त' आणि करणारा तो 'प्रयोगकर्ता'. मॅडमनी जर्नल तपासून सही केली तरच वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येतं, आणि त्यात नापास तो विषयात नापास.

आता आमच्या कॉलेजातली रीत ऐका. जर्नल कोणी करत नसे, जर्नल उतरवत. मागच्या वर्षीच्या ताईचं जर्नल यायचं, तिच्याकडे तिच्या आधीच्या ताईचं आलेलं असायचं. आकडे तेच, आलेख तेच, प्रयुक्ताचं वयही तेच, वीस वर्षं. बिचारा तो प्रयुक्त किती वर्षं वीसच वर्षांचा होता कोण जाणे! दरवर्षी तेवढ्याच चुका करायचा आणि दरवर्षी "प्रयोग करताना मजा आली" असंच सांगायचा. एका मैत्रिणीने तर ताईच्या जर्नलातला चहाचा डागसुद्धा पेनाने गोल करून घेतला होता, तिला वाटलं आकृती आहे.

मला ते जमेना. मी ठरवलं, आपण खरे प्रयोग करायचे. पाठांतराचा प्रयोग अम्मीवर केला. ती अर्थ नसलेले शब्द पाठ करता करता झोपून गेली, तेही मी तसंच लिहिलं. मॅडम हसल्या, पण सही केली.

मग आला आरशाचा प्रयोग. सोपा आहे. कागदावर चांदणी काढलेली असते, दुहेरी रेघांची. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, बाहेर गेली की चूक. गंमत अशी, की हात आणि कागद आडोशाने झाकलेले असतात आणि समोरच्या आरशात पाहून काढायचं. आरशात सगळं उलटं. हात वर न्यावा तर पेन्सिल खाली येते. माणूस पहिल्या फेरीला चक्रावतो, ढिगाने चुका करतो, मग दुसऱ्या फेरीला कमी, तिसऱ्या फेरीला आणखी कमी. त्या चुकांचा आलेख काढला की रेघ घसरगुंडीसारखी खाली येते. माणूस शिकतो कसा, हे त्यातून दिसतं.

कॉलेजच्या आरशाचा पारा उडालेला होता. मी गॅरेजातच साहित्य बनवलं. ट्रकचा जुना साइड मिरर, टायरच्या खोक्याचा पुठ्ठा, झालं. आधी स्वतःवर करून पाहिलं. बाप्पा! चांदणीच्या पहिल्याच कोपऱ्यावर माझी पेन्सिल अशी अडली, की पुढे जाईना, मागे येईना. घाम फुटला. मला भयंकर आनंद झाला. म्हटलं, सापडलं. अब्बांना न जमणारी एक तरी गोष्ट या जगात आहे.

दुपारचा चहा झाल्यावर मी त्यांना बसवलं. प्रयोगाच्या सूचना पुस्तकी भाषेत वाचून दाखवाव्या लागतात, तशा वाचल्या. "आपण आरामात बसावे. आपल्यासमोर एक आकृती आहे..."

"आपण?" अब्बा म्हणाले. "मले 'आपण' म्हणून राह्यली? तब्येत ठीक हाय ना तुह्यी?"

"अब्बा, बोलायचं नाही. मी 'सुरू' म्हटलं की काढायचं."

त्यांनी चिंधीला हात पुसले, पेन्सिल धरली. मी मोबाईलवरचं घड्याळ चालू केलं आणि चुका मोजायला टपून बसले. पेन्सिल निघाली आणि वरच्या कोपऱ्याला गेली, वळली, खाली आली, वळली. दोन रेघांच्या मधोमध. एकही चूक नाही. मी दुसरा कागद ठेवला. पुन्हा नाही. पाचही फेऱ्या झाल्या, पाचही शून्य.

"हे काय कोणाले शिका लागते?" अब्बा म्हणाले. "हे तं रोजचंच हाय."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रकच्या स्टार्टरचा वरचा बोल्ट इंजिनाच्या मागे असतो. तिथे हात पोचतो, नजर पोचत नाही. अब्बा वाकवलेल्या सळईला आरशाचा तुकडा बांधून डाव्या हातात धरतात आणि आरशात पाहून उजव्या हाताने पाना फिरवतात. माझ्या जन्माच्या आधीपासून. लहानपणी मी गाडीखाली शिरायच्या खड्ड्याच्या काठावर बसून ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि कधी डोक्यात आलं नाही, की हे काही विशेष आहे. मी त्यांच्या गळ्यात पडले. "ग्रीस लागते, हट," म्हणाले.

मी ऐटीत जर्नल लिहिलं. पाच फेऱ्या, पाच शून्यं. निष्कर्षात लिहिलं, की प्रयुक्ताला कामामुळे आधीच सवय असल्याने चुका झाल्या नाहीत. मला वाटलं, मॅडम वर्गात वाचून दाखवतील.

मॅडमनी जर्नल उघडलं आणि त्यांची भुवई वर गेली. "हा काय आलेख आहे? आलेख उतरायला हवा, तुझा तर जमिनीवर झोपलाय."

"मॅडम, चुकाच झाल्या नाहीत."

"असं होत नाही. पाचही फेऱ्यांत शून्य? आडोसा लावला नसशील, सरळ कागदावर पाहून काढलं असेल."

मी सगळं सांगितलं, ट्रक, स्टार्टर, बोल्ट, सळई. मॅडम पाणी प्यायल्या. "हे बघ, परीक्षेला बाहेरून सर येतात. ते हा आलेख बघतात. असा आलेख दिसला तर म्हणतील हिच्याकडून प्रयोगच करवून घेतला नाही. मला पुढच्या वर्षी पुन्हा इथेच यायचंय. दुसऱ्या कोणावर तरी कर, नाही तर मैत्रिणीचा पाहून लिही. वडिलांच्या नावावर काहीही खपवू नकोस."

खपवू नकोस! मैत्रिणीचा पाहून लिही म्हणणारी बाई मला खपवू नकोस म्हणते. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी एक आकडा बदलणार नाही. परीक्षेच्या दिवशी माझे अब्बाच माझे प्रयुक्त असतील. तुमच्या आणि त्या सरांच्या समोर काढून दाखवतील. मग तरी सही करसाल?"

मॅडमनी माझं जर्नल मिटलं. "आण," म्हणाल्या. "परीक्षेला तुला सहीशिवाय बसू देते, पण सही तेव्हाच. नाही जमलं तर हे पान फाडून नवीन लिहायचं, आणि तेही मी पास केलं तर." जर्नल त्यांनी ठेवून घेतलं.

म्हणजे आता सही त्या चांदणीवर अडली होती. विषय गेला असता तर मोहल्ला हसला असता, ते मी सोसलं असतं. पण कोणी माझ्या अब्बांचा हात खोटा म्हणावा, हे मला सोसवेना. अख्खी वणी ज्या हातावर गाडी सोडून निर्धास्त झोपते, तो हात माझ्या जर्नलात खोटा!

घरी न जाता मी सरळ गॅरेजात गेले आणि बोलत सुटले. अब्बा खड्ड्यात होते, त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. मी खडू घेतला आणि फरशीवर आलेख काढून दाखवला. "हा असा पाहिजे तिला! असा घसरत आलेला! चुकाच पाहिजेत म्हणे!"

अब्बा खड्ड्यातून वर आले, खडूच्या रेघेजवळ उकिडवे बसले. "पयल्या बारीले किती चुका पाह्यजे?"

"वीस-पंचवीस."

"मंग?"

"मग कमी कमी होत जायला पाहिजेत. पंधरा, नऊ, असं काहीतरी."

"शेवटी शून्य?"

"शून्य नाही. दोन-तीन तरी राह्यल्या पाहिजेत. पाहा ना अब्बा, हे कसलं शास्त्र झालं?"

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, माझ्यासारखेच तेही चिडले आहेत. "तुम्हाले यायचं हाय," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर काढून दाखवा एकदा."

"मी कॉलेजात कायले? हे हात घेऊन?"

"हेच हात घेऊन."

"सही मिळन ना तुले?"

"मिळन."

"मंग येतो. चिंता नको करू." आणि पुन्हा खड्ड्यात उतरले.

परीक्षेच्या दिवशी अब्बा ईदचा कुर्ता घालून आले. कपडे धुवायच्या पावडरीने हात घासले होते, तरी नखांच्या कडा काळ्या होत्या. इतर पोरींनी प्रयुक्त म्हणून एकमेकींनाच आणलं होतं, त्यामुळे सगळा वर्ग अब्बांकडे पाहायला लागला. बाहेरून आलेले सर चष्मा कपाळावर ठेवून फिरत होते. मॅडमनी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि दोघेही आमच्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. मला तेच पाहिजे होतं. मी मान ताठ करून सूचना वाचल्या, "आपण आरामात बसावे." या वेळी अब्बा हसले नाहीत.

"सुरू."

पेन्सिल निघाली आणि रेघेबाहेर गेली.

मला वाटलं आरसा खराब आहे. "पुसून देऊ का?" मी हळूच विचारलं. "नको," ते म्हणाले. पेन्सिल पुन्हा बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. माझा हात चुकांच्या खुणा करत होता. चोवीस. मॅडमनी एक श्वास सोडला, मला ऐकू आला. दुसऱ्या फेरीत पंधरा झाल्या.

तिसऱ्या फेरीला नऊ मोजल्या आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. वीस-पंचवीस, पंधरा, नऊ. हे आकडे मीच बोलले होते. खडू हातात घेऊन, गॅरेजच्या फरशीवर.

आतापर्यंत मी फक्त पेन्सिलीचं टोक पाहत होते, आता आडोशाच्या आत वाकून हात पाहिला. प्रयोगकर्त्याला तिथून दिसतं, सरांना दिसत नव्हतं. अब्बांचा हात थरथरत होता. डोक्यावर इंजिन टांगलेलं असताना खाली निजून बोल्ट काढणारा तो हात मी आयुष्यात कधी हललेला पाहिला नव्हता. पेन्सिल दोन रेघांच्या मधून नीट चालायची, आणि मग ते तिला ओढून बाहेर न्यायचे. ती बाहेर जायला तयार नसायची. डाव्या हाताने त्यांनी टेबलाची कड गच्च धरली होती आणि कपाळावर घाम आला होता.

मला इतका राग आला, की टेबल उलटवावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं, सर, हे खोटं आहे, हा माणूस सगळ्यांसमोर मुद्दाम अडाणी होऊन राह्यला! आणि त्याच क्षणी डोळे भरून आले. कारण माझा शब्द खरा करण्यापेक्षा त्यांना माझी सही मोठी वाटली होती. मी तोंड उघडलं तर भर वर्गात त्यांची ही मेहनत पाण्यात गेली असती. मी, बाबूला, मॅडमला, चाचींना तोंडावर उत्तर देणारी मी, गप्प बसले आणि चौथी फेरी मोजली. पाच. मग पाचवी. दोन.

"वा!" सर म्हणाले. "फार छान उतरला आलेख." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं. ते जास्त लागलं.

प्रयोग संपल्यावर प्रयुक्ताला विचारायचं असतं, की करताना काय वाटलं. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचं. मी विचारलं.

"पयल्यांदा काई समजलं नाही, साहेब," अब्बा माझ्याकडे न पाहता सरांना म्हणाले. "मंग जमत गेलं. पोरीनं चांगलं समजावून सांगितलं, म्हणून जमलं."

सर हसले. अब्बांना बाहेर जायला सांगितलं. मी त्यांचं उत्तर लिहिलं, जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता. आकडे लिहिले, आलेख काढला, तो अगदी पुस्तकातल्यासारखा उतरला. मग खाली एक रकाना राहतो, 'प्रयोगकर्त्याचे निरीक्षण'. पोरी तिथे लिहितात, 'प्रयुक्ताने सहकार्य केले.' मी लिहिलं:

'प्रयुक्ताने सर्व चुका ठरवून केल्या. किती चुका लागतात हे त्याने मला आधी विचारले होते आणि का विचारतो हे मला कळले नव्हते. बिनचूक आकृती काढताना त्याचा हात स्थिर असतो, हे मी घरी पाच वेळा पाहिले आहे. आज चुका करताना त्याचा हात थरथरत होता आणि त्याला घाम आला होता. प्रयुक्त माझे वडील आहेत.'

निष्कर्षाची जागा मी कोरी सोडली आणि कागद दिला.

सरांनी वाचला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा वाचला. मग मॅडमकडे सरकवला. मॅडम वाचत असताना मी त्यांच्याकडे सरळ पाहत होते, नजर खाली घातली नाही. त्यांनी कपाटातून माझं जर्नल काढलं, पाच शून्यांचं पान उघडलं आणि त्याच्या खाली सही केली. सही करताना त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर अब्बा स्कूटरजवळ उभे होते आणि कुर्त्याच्या बाहीने मान पुसत होते.

"त्यांना चहा पाजून मग ने," मॅडम म्हणाल्या. "कॅन्टीनवाल्याला सांग, माझ्याकडून."

सरांनी कागदावर मार्क लिहिले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले, आणि पुढची दोन्ही वर्षं हाच विषय ठेवला.

अब्बांनी चहा घेतला नाही, गॅरेजात गाडी खोलून ठेवली होती. मी मागे बसले. बायपासला लागलो. मग कोळशाचे दोन ट्रक पुढे निघून गेले आणि अब्बांनी स्कूटर हळू केली.

"सही झाली?"

"झाली."

"चुका बराबर पडल्या ना?" मान अर्धी वळवून त्यांनी विचारलं. "शेवटल्या बारीले तीन करणार होतो, पण दोनच झाल्या. हात आयकेच ना."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं.

"बराबर पडल्या, अब्बा," मी म्हटलं. "एकदम बराबर."